शेळी काय सातबारा खाते?

मिरकरवाडा बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एक गाय बसलेली असते. बुटकी, तांबडी, कोकणात पूर्वी घरोघर असायची तशी. गळ्यात तुटक्या दाव्याचा तुकडा. पहाटे बर्फाचे टेंपो येतात, मासळी भरलेल्या गाड्या जातात, हॉर्न वाजतात. ती हलत नाही. शेवटी चालकच गाडी कडेने काढतो. ऊन वर आलं की ती उठते आणि कचऱ्याच्या ढिगात तोंड घालते. प्लास्टिकची पिशवी, कुजकी भाजी, मिळेल ते खाते.

परवा आमच्या अभ्यासवर्गातला बारावीचा एक मुलगा माझ्याबरोबर होता. त्याने विचारलं, "दादा, हिचा मालक कोण?" मी म्हटलं, "आता कुणीच नाही." "मग ही चरते कुठे?" मी ढिगाकडे बोट केलं. तो हसला आणि पुढे गेला, पण त्याचा प्रश्न माझ्या मागे लागला. ज्या जिल्ह्यात मैलोन्‌मैल सडे पसरलेत, पावसाळ्यात ज्यांच्यावर कमरेएवढं गवत उभं राहतं, त्या जिल्ह्यातली गाय बंदरावरचा कचरा का खाते?

मित्रांनो, गाय पवित्र की उपयुक्त, या वादात मला आज पडायचं नाही. त्या वादात आपली बरीच ताकद खर्च झाली आहे आणि वाद उकरून काढणाऱ्यांना नेमकं तेच हवं असतं. मला बोलायचंय ते गवताबद्दल, पाण्याबद्दल आणि त्याखालच्या जमिनीबद्दल. गाईचं नाव घेऊन बोलणारा माणूस या तिन्हींबद्दल कधीच बोलत नाही.

माझे वडील गावाहून मिरकरवाड्याला आले ते बर्फ फोडायच्या कामाला. त्याआधी आमच्या घरातली दोन माणसं आयुष्यभर गुरांमागे होती. आजोबा आणि आजी. आजी आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे. तिच्या लहानपणी गावात खोताची गुरं होती आणि राखायला आमच्या वाडीतली पोरं होती. वर्षाला ठरलेलं भात आणि एक लुगडं, एवढी मजुरी. सकाळी गोठ्यातून गुरं सोडायची, पाणंदीने सड्यावर चढवायची, दिवस मावळायच्या आत मोजून परत आणायची. एखादं वासरू बिबट्याने नेलं तर त्याची किंमत मजुरीतून जायची.

सडा म्हणजे काय, हे देशावरच्या वाचकांसाठी सांगतो. सडा म्हणजे जांभ्या कातळाचं पठार. उन्हाळ्यात काळाकरडा, तापलेल्या तव्यासारखा. पाऊस पडला की महिन्याभरात त्याचं रान होतं. कातळाच्या खोलगट भागात पाणी साठतं, गुरं तिथेच पितात. गवत, रानफुलं, टिटवीची अंडी, ससे, कोल्हे, भेकरं, आणि त्यांच्या मागावर बिबट्या. याच कातळावर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाने हत्ती, वाघ, मासे आणि माणसांच्या आकृत्या कोरल्या आहेत. २०२२ मध्ये ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेली. म्हणजे या पठारावर माणूस आणि जनावर एकत्र राहिल्याचा पुरावा दगडावरच आहे. सातबाऱ्यावर मात्र वेगळंच लिहिलेलं आहे.

आजी सांगते, सड्यावरच्या मोठ्या डबक्यावर गुरं नेली की गुरं वरच्या बाजूला प्यायची. राखणारी पोरं खालच्या बाजूला, गुरांनी ढवळून सोडलेलं पाणी ओंजळीने प्यायची. वरच्या बाजूला हात लावला की मार. तिला हे विशेष वाटत नव्हतं. "तसंच होतं," एवढंच म्हणते. महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास मी तिला पहिल्यांदा वाचून दाखवला तेव्हा ती मध्येच म्हणाली, "म्हणजे आमच्या डबक्याचंच मोठं तळं."

खरंच तेवढंच होतं. १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले झाले. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारोंच्या समुदायासह तिथे जाऊन पाणी प्यावं लागलं. त्या तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता. पाणी प्यायल्यावर सनातन्यांनी तळं शुद्ध केलं ते कशाने? पंचगव्याने भरलेल्या १०८ घागरी ओतून. गाईच्या शेणमुताने पाणी शुद्ध होतं आणि माणसाच्या ओंजळीने बाटतं, हा हिशोब आपल्या कोकणातल्या गावात मांडला गेला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला मार्च १९३७ उजाडला.

त्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९३७ ला, बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. पुढच्या जानेवारीत कोकणातल्या कुळांचा मोठा मोर्चा विधिमंडळावर गेला. महार, कुणबी, आगरी एका रांगेत. पाण्याचा निकाल आणि जमिनीचं विधेयक एकाच वर्षात येतात, याकडे आपण फारसं लक्ष देत नाही. आपल्या कार्यक्रमात महाड असतं, खोती नसते. मार्चमध्ये आपण तळ्यावर जातो, सप्टेंबरमध्ये कुठेच जात नाही. बाबासाहेबांच्या कामात हे दोन प्रश्न वेगळे नव्हते. ज्याच्या हातात जमीन, त्याच्या हातात पाणवठ्याची वाट. वाट ज्याची, तो तुम्हाला पाणी पिऊ द्यायचं की नाही ते ठरवतो.

खोती कायद्याने १९४९ ला संपली. पण कुळाने कसलेली शेती कुळाच्या नावावर होणं वेगळं आणि ज्या सड्यावर गुरं चरली तो सडा राखणाऱ्याच्या हाती येणं वेगळं. कसणाऱ्याची नोंद कुठेतरी असते. राखणाऱ्याची नोंद कोण करणार? पीकपाहणीत भात लिहितात, नाचणी लिहितात. "अमक्याच्या पोरीने दहा वर्षं गुरं राखली" असा रकाना तलाठ्याच्या कोणत्याच नमुन्यात नाही. आमच्या गावचा सडा शेवटी खासगी नावांवरच राहिला. गायरान म्हणून लिहिलेला एक तुकडा मात्र सरकारी निघाला. आमच्या वाडीच्या शेळ्या पुढची पन्नास वर्षं त्याच तुकड्यावर जगल्या.

राखणाऱ्याला जमीन नाही, ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेतल्या काऊबॉयचे सिनेमे आपण पाहिलेत. घोड्यावरचा गोरा नायक, समोर हजारो गुरं. अभ्यासकांचा अंदाज असा की एकोणिसाव्या शतकातल्या त्या गुराख्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश काळे होते. बरेचसे नुकतेच गुलामीतून सुटलेले. १८६५ च्या जानेवारीत जनरल शर्मनच्या हुकमाने मुक्त झालेल्या कुटुंबांना किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात चाळीस एकरांपर्यंत जमीन देऊ केली गेली. त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनने तो निर्णय फिरवला आणि जमीन जुन्या मालकांकडे गेली. पुढे कुरणांना काटेरी तारा पडल्या. गुरं हाकणारा काळा माणूस तारेबाहेर राहिला आणि सिनेमातूनही गेला. पँथरचं नाव आपण तिकडून घेतलं. तिकडच्या कुरणाची गोष्टही वाचायला हवी.

आता मेलेल्या गुराबद्दल. जिवंत गाय खोताची असायची, मेली की आमची व्हायची. ओढायची आम्ही, सोलायची आम्ही. १९५६ नंतर आमच्या वाडीने धम्म स्वीकारला आणि मेलेलं ढोर ओढणार नाही असं सांगितलं. आजी तेव्हा नुकती लग्न होऊन आली होती. गावाने काय केलं? कुणाला मारलं नाही, घरं जाळली नाहीत. फक्त सांगितलं की बौद्धवाडीची गुरं यापुढे सड्यावर चढायची नाहीत. पाणंदीच्या तोंडाशी काट्यांची बोराटी टाकली. वाडीत तेव्हा सात-आठ गुरं होती. त्या पावसाळ्यात ती दावणीला बांधून, बांधावरचं गवत कापून जगवली. दिवाळीपर्यंत निम्मी विकली. आजोबांनी आपली एकुलती एक गाय विकली तेव्हा, आजी सांगते, ते दोन दिवस जेवले नाहीत. पण ढोर ओढायला परत गेले नाहीत.

हे मी गहिवर आणण्यासाठी सांगत नाही. यात एक तत्त्व आहे. चराऊ जमीन हे बहिष्काराचं हत्यार आहे. ज्याच्याकडे दोन शेळ्या आणि शून्य गुंठे आहेत, त्याला गुडघ्यावर आणायला लाठी लागत नाही, एक बोराटी पुरते. बाबासाहेब स्वतः सदस्य असलेल्या स्टार्ट समितीने १९३० च्या अहवालात सामाजिक बहिष्कार हे किती प्रभावी हत्यार आहे ते नोंदवलं. महाराष्ट्रात त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा अमलात यायला २०१७ उजाडलं.

२०१६ च्या जुलैमध्ये गुजरातेत उना इथे मेलेली गाय सोलणाऱ्या आपल्या भावंडांना गोरक्षकांनी भररस्त्यात मारलं. त्यानंतरच्या आंदोलनाने जे म्हटलं ते मला आजही सगळ्यात शहाणपणाचं वाटतं: गाईचं शेपूट तुमच्याजवळ ठेवा, आमची जमीन आम्हाला द्या. गाईच्या प्रश्नाला त्यांनी जमिनीच्या मागणीने उत्तर दिलं.

आपल्याकडे ही मागणी जुनी आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५३ पासून मराठवाड्यात, १९५९ मध्ये खानदेश-नाशकात, आणि ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. शेवटच्या सत्याग्रहात तीन लाखांवर माणसं तुरुंगात गेली असं सांगितलं जातं. बायका कडेवर पोरं घेऊन गेल्या. त्या दबावातूनच पुढे गायरान कसणाऱ्या भूमिहीनांचा प्रश्न सरकारदरबारी टिकून राहिला. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. तारीख पाहा, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाचा पहिला दिवस. ठरलं खरं, पण आजही कित्येक कुटुंबं तोच कागद हातात घेऊन तहसीलच्या पायऱ्या चढतात.

मग उलट वारं सुटलं. जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावांच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं. त्या निकालातही भूमिहीन, अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद नोंदवला होता. खाली येईपर्यंत निकाल पोहोचतो, अपवाद वाटेत गळतो. २०२२ च्या शेवटी राज्यभर गायरानावरच्या लोकांना नोटिसा लागल्या. दोन लाखांवर अतिक्रमणांचा आकडा तेव्हा सांगितला जात होता. कारण काय? गायरान गुरांसाठी राखीव आहे. आणि नेमक्या त्याच काळात गायरानं सौर प्रकल्पांना नाममात्र भाड्याने द्यायचं धोरण पुढे सरकत होतं. सूर्याच्या पाट्यांखाली कोणती गाय चरते? भूमिहीनाने झोपडी बांधली तर अतिक्रमण, कंपनीने कुंपण घातलं तर सार्वजनिक प्रयोजन.

जमीन कुणाची हा प्रश्न मिरकरवाड्यालाही नवा नाही. जानेवारी २०२५ मध्ये बंदराच्या जागेवरची बांधकामं पोलीस बंदोबस्तात हटवली गेली. त्यातलं कोणतं कायदेशीर आणि कोणतं बेकायदा, हा इथला विषय नाही. मी फक्त एवढं पाहिलं की माणसाला कागद विचारला गेला. रस्त्यावर बसलेल्या गाईला कुणी विचारला नाही. तिच्याकडेही तो नव्हता.

आता ती गाय रस्त्यावर का आली ते पाहू. गाईच्या कत्तलीवर महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्यानेच बंदी होती. २०१५ मध्ये दुरुस्ती अमलात आली आणि बैल, वळूही त्यात आले. शेतकऱ्याचा हिशोब साधा होता. थकलेला बैल विकायचा, त्यात भर घालून नवा घ्यायचा. तो हिशोब मोडला. थकलेलं जनावर विकता येत नाही, पोसता येत नाही, मग रात्री दावं कापून रस्त्यावर सोडायचं. यात धंदा बुडाला तो खाटकाचा, चर्मकाराचा, ढोर समाजाचा, आणि छोट्या कुणबी शेतकऱ्याचा. गोमातेचा जयजयकार करणाऱ्या कुणाचाही काही बुडालं नाही.

३० सप्टेंबर २०२४ ला राज्य मंत्रिमंडळाने देशी गाईला "राज्यमाता-गोमाता" जाहीर केलं आणि गोशाळांना एका देशी गाईमागे दिवसाला ५० रुपये द्यायचं ठरवलं. महिन्याचे झाले १,५००. त्याच वेळी संजय गांधी निराधार योजनेत निराधार विधवेला महिन्याला मिळत होते १,५०० रुपये. आमच्या वाडीतली विधवा त्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला देते. गाईचे पैसे गाय पाळणाऱ्या शेतकऱ्याला मिळत नाहीत, गोशाळेला मिळतात. म्हणजे ज्याने पोसलं त्याला काही नाही, आणि त्याने नाइलाजाने सोडलं की दुसऱ्याला अनुदान. मला गाईच्या ५० रुपयांचं दुःख नाही. तिला वैरण मिळालीच पाहिजे. पण राज्याने आई ठरवलेल्या जनावराची आणि राज्याने निराधार ठरवलेल्या बाईची किंमत एकाच आकड्यावर येऊन थांबते, आणि यावर विधानसभेत बाक वाजत नाहीत, हे आपण मोठ्याने बोललं पाहिजे.

इथवर तुम्ही माझ्याशी सहमत असाल. आता जिथे मी स्वतः चुकलो ते सांगतो.

तीन-चार वर्षांपूर्वी आमच्या गावच्या त्या सरकारी तुकड्याचा विषय निघाला. आम्ही काही तरुणांनी ठरवलं की भूमिहीन कुटुंबांना पट्टे मागायचे. मी यादी केली, अर्ज लिहिले, नकाशावर तुकडे पाडले. प्रत्येकाला सारखे, एकही गुंठा कमीजास्त नाही. वाडीच्या बैठकीत नकाशा उघडला. सगळे खूश. आजी कोपऱ्यात बसली होती. तिच्याकडे तेव्हा तीन शेळ्या होत्या. तिने विचारलं, "ह्यात शेळ्यांची वाट कुठनं?"

मी म्हटलं, "आजी, प्रत्येकाला स्वतःची जमीन मिळेल. सातबारा होईल."

ती म्हणाली, "मग शेळी काय सातबारा खाते?"

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी येऊन नकाशा पुन्हा पाहिला तेव्हा घाम फुटला. मी पाणवठा कुणाच्या तरी पट्ट्यात टाकला होता. पाणंद मध्येच बंद केली होती. वाडीत अकरा घरांत शेळ्या होत्या आणि त्यातल्या नऊ घरांच्या कर्त्या बायका होत्या. अर्जावर नावं मात्र मी पुरुषांची लिहिली होती. १९५६ नंतर गावाने पाणंदीच्या तोंडाशी बोराटी टाकली होती. सत्तर वर्षांनी तीच बोराटी मी समतेच्या नावाने कागदावर टाकत होतो.

मी पुन्हा बाबासाहेबांकडे गेलो. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी शेतजमीन सरकारच्या मालकीची करून गावकऱ्यांना सामूहिक शेतीसाठी द्यावी असं मांडलं. जातिधर्माचा भेद न करता, कुणी जमीनदार राहणार नाही, कुणी कूळ नाही, कुणी भूमिहीन मजूर नाही, अशा पद्धतीने. आपण हे पुस्तक वाचतो, भाषणात उल्लेख करतो आणि अर्ज लिहिताना विसरतो. लहान लहान तुकडे करून सगळ्यांना मालक केलं की प्रश्न सुटतो, असं बाबासाहेब म्हणत नव्हते. अशा तुकड्याचं पुढे काय होतं ते कोकणात डोळ्यांसमोर आहे. मुलीच्या लग्नात, आजारपणात तो गहाण पडतो. मग मुंबईचा कुणी येतो, कातळात सुरुंग लावून खड्डे पाडतो, माती भरतो, हापूस लावतो आणि भोवती तार ओढतो.

तार आली की फक्त शेळी अडत नाही. आमच्या शेजारच्या सड्यावर बागा झाल्या. पावसाळी डबकी बुजली. ससे आणि भेकरं कमी झाली. बिबट्या मात्र कुठे गेला नाही, तो वाडीजवळ आला. त्याला रानात सावज नाही आणि वाडीत कुत्री आहेत, शेळ्या आहेत. दोन वर्षांपूर्वी आजीची एक शेळी त्याने गोठ्यातून नेली. वन्यप्राण्याने जनावर मारलं तर बाजारभावाच्या ७५ टक्के, ठरलेल्या कमाल रकमेच्या आत, भरपाई मिळते. त्यासाठी ४८ तासांत खबर द्यायची असते. मधे सुट्ट्या आल्या. तिसऱ्या दिवशी गेलो तर उशीर झाला म्हणाले, आणि शेळी तुमचीच होती याचा पुरावा काय, असंही विचारलं. आजी म्हणाली, "शेळीला विचारा." शेळी बिबट्याच्या पोटात होती.

बिबट्यावर माझा राग नाही. त्याचंही कुरण गेलं आहे. गवत, गवतावरचं भेकर, भेकरावरचा बिबट्या, त्याच गवतावरची शेळी आणि शेळीवर जगणारी बाई, हा एकच प्रश्न आहे. पर्यावरणवाले त्यातला बिबट्या उचलतात, गोरक्षक गाय उचलतात आणि आम्ही फक्त पट्टा उचलला. सडा कुणीच उचलला नाही.

मग करायचं काय? घराखालची आणि पोटासाठी कसलेली जमीन नावावर झालीच पाहिजे, यात तडजोड नाही. १९९१ च्या निर्णयात बसणाऱ्या कुटुंबाने ती सोडायची नाही. गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही, त्यात आपली नोंद आहे का ते पाहा. लोक या नोंदीला घाबरतात, पण ताब्याचा जुना सरकारी पुरावा बहुतेक वेळा तीच असते. पण पाणवठा, पाणंद आणि चराई यांचे तुकडे पाडायचे नाहीत. ते सामाईक राहिले पाहिजेत, आणि सामाईक म्हणजे गावातल्या दोन-चार घरांच्या मर्जीवर नव्हे. जमीन महसूल संहितेच्या कलम २२ खाली राखलेली चराऊ जमीन कुठली, किती, तिचा सर्व्हे नंबर कोणता, हे ग्रामसभेत लेखी मागा. ज्यांच्याकडे जनावर आहे आणि जमीन नाही त्यांचा हक्क पहिला, असा ठराव मांडा. वन जमीन असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्यात चराईचा सामूहिक हक्क आहे. तो फक्त आदिवासींसाठी नाही. तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथे राहून त्या वनावर अवलंबून असलेल्या इतर पारंपरिक कुटुंबांनाही तो मागता येतो. अर्जावर बायकांची नावं आधी लिहा. आणि या मागणीसाठी कुणब्याकडे, गवळ्याकडे, धनगराकडे जा. १९३८ च्या मोर्चात कुणबी आपल्या बाजूला होते. आज त्यांच्या हातात गाईचा झेंडा दिलाय आणि पायाखालचं कुरण काढून घेतलंय. हे त्यांना सांगायला आपल्याखेरीज कोण जाणार?

आमच्या गावचा नकाशा मी पुन्हा काढला. या वेळी बैठक आजीच्या अंगणात घेतली आणि पेन्सिल बायकांच्या हातात दिली. पाणवठा मोकळा, पाणंद मोकळी, मधला मोठा तुकडा चराईचा, कडेला घरांचे आणि भाजीपाल्याचे वाफे. प्रकरण अजून तहसीलमध्ये पडून आहे. मंजूर होईल की नाही सांगता येत नाही. पण या वेळी अर्जाखाली पहिला अंगठा आजीचा आहे.

दया पवारांच्या १९७४ च्या कवितासंग्रहाचं नाव 'कोंडवाडा' आहे. मिरकरवाड्याच्या रस्त्यावरची ती गाय दिसली की मला ते नाव आठवतं. मोकाट जनावरासाठी आपल्या समाजाकडे कोंडवाडा आहे, गोशाळा आहे, दंडाची पावती आहे. मोकळं कुरण तेवढं नाही. त्या मुलाने पुन्हा विचारलं तर या वेळी कचऱ्याकडे बोट दाखवणार नाही. त्याला घेऊन सड्यावर जाईन, तार दाखवेन आणि तारेपलीकडचं गवत दाखवेन. पुढचा प्रश्न तो स्वतःच विचारेल.

जय भीम.